हात न लावता

"डॉक्टर, हात न लावता बघता येईल का?"

शेटजींनी हे साध्या आवाजात विचारलं. राग नव्हता. पंखा थोडा कमी करता येईल का, असं विचारावं तसं. त्यांची कुत्री कोचावर बसली होती. पांढरी, लांब केसांची पॉमेरेनियन. नाव ज्यूली. मी मागच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर. पुढच्या दारानं येऊ नका, हे फाटकावरच सांगून झालं होतं.

मी म्हणालो, "नाही येत."

"मग ओट्यावर आणायला सांगतो. तिथं बघा."

त्यांचा गडी दगा. चाळिशीचा, खालच्या आवाजात बोलणारा माणूस. त्यानं कुत्रीला उचलून मागच्या ओट्यावर आणलं. मी तपासली. कानांच्या कडा जाड झालेल्या. कोपरांवर केस नाहीत, कातडी लाल, खपल्या. कानाची कड मी दोन बोटांत धरून चोळली. लगेच तिचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागला. हवेतच. हे खरजेचं लक्षण. हात लावल्याशिवाय कळत नाही.

मी दगाकडून खराब जागेचे केस कापून घेतले. गंधकाचं मलम स्वतः चोळलं. शेटजी दारात उभे होते. त्यांना सांगितलं, "मलम अंगावर राहू द्या. मी पुन्हा येईपर्यंत पाणी लावू नका. अंघोळ अजिबात नको." त्यांनी मान हलवली.

साठीच्या दशकातली गोष्ट. अमळनेरच्या अलीकडचं बाजारपेठेचं गाव. नाव सांगत नाही. कापसाचा व्यापार, दोन-तीन जिनिंग, त्यातली सर्वांत मोठी या शेटजींची. मी तिथल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून नुकताच लागलो होतो. पदवी होती, सरकारी शिक्का होता. नोकरी मात्र कायम झालेली नव्हती.

माझं गाव एरंडोलकडचं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. गावात जनावर मेलं की ओढून नेणं आमच्या घरांकडे. वडलांनी ते केलं. आजोबांनी केलं. मी शाळेत होतो तेव्हा वस्तीनं बसून ठरवलं, आता ओढायचं नाही. गावानं मजुरी बंद केली. विहिरीवर माणसं बसवली. पाटलाचा मेलेला बैल गोठ्यातच फुगला. वास शाळेपर्यंत आला. वस्ती हटली नाही.

पुढं मला शिष्यवृत्ती मिळाली, गुरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. चावडीवर कोणी तरी बोललं, "बापानं मेलेलं ओढलं, पोरगा आजारी ओढणार." सगळे हसले. मी तिथून चाललो होतो. मला ऐकू यावं म्हणूनच ते बोललं गेलं.

माय वेगळ्या कारणानं चिडली, सगळ्यांनी सोडलेली ढोरं मी पुन्हा धरतोय म्हणून.

"बठ्ठासनी सोडी दिधं ना? मंग तू कसाले ढोरंसजवळ चालना?"

"मरेल नही माय. जित्तं ढोर शे."

"जित्तं ऱ्हावो का मरेल. गाव तुले तेच नावनी हाका मारी."

तिचं बरोबर होतं. पण दुसरा प्रवेश मिळालेला नव्हता.

शेटजींच्या घरी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ज्यूली जास्त खाजवत होती. मलमाचा मागमूस नव्हता. मला वाटलं, चाटून काढलं असेल. गळ्याभोवती पुठ्ठा बांधून दिला. पुन्हा मलम चोळलं. तिसऱ्यांदा गेलो तर पुठ्ठा जागेवर आणि खरूज पोटापर्यंत उतरलेली. कुत्री वाळली होती. खायला तोंड लावत नव्हती.

मी पुस्तकं काढली. निदान चुकलं का? खपल्या खरवडून आणल्या होत्या, त्या दवाखान्यातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. खरजेचा किडा समोर दिसत होता. गोल, आखूड पायांचा. निदान बरोबर. औषध बरोबर. हेच औषध एका गुराख्याच्या गावठी कुत्र्याला दिलं होतं. तो बरा होऊन बाजारात फिरत होता. मग हिला गुण का नाही?

त्या दिवसांत मी एका जागी बसू शकत नव्हतो. दवाखान्यात रुग्ण नसला की सायकल काढायचो. जिनिंगच्या कुंपणाबाहेरून एक फेरी, परत, पुन्हा एक फेरी. शेटजींच्या बंगल्यावरून जायचो. आत पाहायचो. काही दिसायचं नाही.

गावात बोलणं सुरू झालं होतं. "नव्या डॉक्टरच्या हाताला गुण नाही." प्रथम बाजारात. मग खेड्यांतून येणारे बैल कमी झाले. जुवानं खांदा आलेले, सुजलेले बैल घेऊन शेतकरी थेट अमळनेरला जायला लागले. एकानं मला तोंडावरच सांगितलं, "राग धरू नका डॉक्टर, पण शेटजीनी कुत्री तुमच्याकडून मरू लागली, मंग मना बैल कसा आणू?" मला राग आला नाही. भीती वाटली. डॉक्टरच्या हाताला गुण नाही असं एकदा ठरलं की तो त्या गावात संपला. आणि माझ्या हाताबद्दल हे मान्य करायला गाव आधीपासूनच तयार होतं.

मग शेटजींच्या घरात माणसांना खाज सुटली. त्यांच्या पत्नीच्या दंडांवर, मुलांच्या पोटांवर लाल पुरळ. कुत्री त्यांच्या गादीवर झोपायची. कुत्र्याची खरूज माणसाला अशी त्रास देते; कुत्रं बरं झालं की जाते. हे मी सांगितलं असतं. मला कोणी विचारलं नाही. शेटजींनी थेट माझ्या वरिष्ठांना कळवलं.

महिन्याची मीटिंग होती. आजूबाजूचे सगळे डॉक्टर, ड्रेसर, कारकून. साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं.

"काय रे, शेटजींच्या घरी खरूज वाटून आलास म्हणे?"

हशा.

"हात धूत जा. तुमच्याकडं सवय नसते, मला कल्पना आहे. पण आता सरकारी नोकरी आहे."

मागून एक सहकारी म्हणाला, "साहेब, त्यांच्या दवाखान्याला साबण वाढवून द्या."

पुन्हा हशा. माझ्याबरोबर कॉलेजात शिकलेला एक जण होता. तोही हसला. थोडा उशिरा, पण हसला.

मीटिंग संपल्यावर साहेबांनी बाजूला घेतलं. आवाज मऊ केला. "शेटजींकडे जा. चुकलं म्हण. माझ्या हातून संसर्ग झाला, क्षमा असावी, एवढंच. नोकरी अजून कायम व्हायची आहे. एका कुत्र्यासाठी घालवू नकोस."

मी तसाच सायकलवर निघालो. माफी मागायलाच निघालो होतो. वाटेत वाक्य जुळवत होतो. 'माझ्या हातून' हे शब्द काही केल्या नीट बसत नव्हते. प्रत्येक वेळी तिथं येऊन वाक्य तुटायचं.

बंगल्यावर पोहोचलो तर शेटजींकडे पाहुणे होते. मागच्या ओट्यावर दगानं कुत्री आणली. मी तपासली, मलम चोळलं, थांबलो. शेटजी बाहेर आले नाहीत. निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि वाटलं, हे उद्यावर नको. आज बोलून मोकळं व्हावं. परत फिरलो.

मागच्या अंगणात दगा ज्यूलीला धूत होता.

भरलेली बादली, कपड्याचा साबण, तांब्या. कुत्री थरथरत उभी. मी आत्ताच चोळलेलं मलम फेसाबरोबर मोरीकडे वाहत चाललं होतं.

"दगाभाऊ, हाई काय करी ऱ्हायनात?"

तो दचकला. घराकडे पाहिलं. "धोई ऱ्हायनू डॉक्टरसाहेब."

"कसाले?"

"तुमना हात लागना ना. दर खेपले धोवानं, आसं सांगेल शे."

"दर खेपले?"

"हा. तुम्ही फाटकबाहेर गयात का लगेच. मोठ्या बाईना नेम शे. धोयाबिगर घरमा घेत नहीत."

"अन् मलम?"

"मलम बी चालनं जास. पानी बठ्ठं पिवयं व्हई जास." मग तो हलकेच म्हणाला, "मी एकदाव बोलनू, डॉक्टरनी नही सांगेल शे. माले बोलन्या, तू मलम देख, मी घर देखस."

मोठ्या बाई म्हणजे शेटजींची आई. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं मला पाहिलं असणार. आतून, जाळीच्या खिडकीतून.

मी बादलीकडे पाहत राहिलो. माझ्या डोक्यात त्या क्षणी संताप नव्हता. एक हिशेब होता आणि तो पूर्ण जुळत होता. दर वेळी मलम लावलं, दर वेळी धुतलं. मी चोळलं म्हणून धुतलं. धुतलं म्हणून रोग वाढला. रोग वाढला म्हणून घराला खाज सुटली. घराला खाज सुटली म्हणून दोष माझ्या हाताला. आणि त्या हाताची माफी मागायला मी आलो होतो.

दगाला म्हणालो, "शेटजीले सांगा, डॉक्टर आते घर येणार नही. कुत्री दवाखानामा आणा."

"मी सांगू?" तो घाबरला. "माले काढी टाकतीन."

बरोबर होतं. हा निरोप त्याच्या गळ्यात घालणं माझं काम नव्हतं. मी अंगण ओलांडलं, बंगल्याला वळसा घातला आणि पुढच्या दारानं आत गेलो. चपला बाहेर काढल्या. एवढं लक्षात आहे. पाहुणे बोलायचे थांबले.

"शेटजी, तुम्ही कुत्री धुता म्हणून ती बरी होत नाही. मी आत्ता पाहिलं. घरात सगळ्यांना जी खाज आहे ती कुत्रीची आहे. माझी नाही."

"आवाज खाली," शेटजी म्हणाले. "आई आत आहे."

"कुत्री जगवायची असेल तर दवाखान्यात आणा. मी या घरी येणार नाही."

एक पाहुणा म्हणाला, "हा कोण?" मी बाहेर पडलो. सायकलचं कुलूप उघडेना. किल्ली उलटी घालत होतो.

दोन दिवसांत साहेबांचा माणूस आला. माफी मागितली का? नाही. का नाही? चूक माझी नाही. तो म्हणाला, "चूक कोणाची हे कोण विचारतंय? साहेब म्हणतात, विषय मिटव." मी म्हणालो, साहेबांनी इथं यावं, सूक्ष्मदर्शकात बघावं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तू फार शिकलास बघ," आणि गेला.

ज्यूली उभी राहीना तेव्हा शेटजींची मोटार दवाखान्याच्या आवारात आली. सकाळची वेळ. दोन बैल, एक गाय, एक शेळी थांबलेली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी एका बैलाचा खांदा धूत होतो. बाहेर गेलो नाही. पुन्हा हॉर्न.

बैलाचा मालक एक म्हातारा होता. आबा म्हणायचे त्याला. धोतर खोचून, बैलाची वेसण धरून उभा. तो मोटारीकडे बघून ओरडला, "शेटजी, वाजाडीसन काय व्हनार नही. मना बैल पहिला शे. त्यानं बी वाजाडं नही."

आवारातली माणसं हसली. मीही हसलो. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

नंबर आल्यावर शेटजी स्वतः कुत्रीला घेऊन आले. चादरीत गुंडाळलेली. त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती. त्या कुत्रीवर त्यांचा खरा जीव होता, हेही लिहिलं पाहिजे.

"टेबलावर ठेवा," मी म्हणालो. "आणि धरा."

"ड्रायव्हर धरेल."

"तुम्ही धरा. अनोळखी हातात ती उसळते."

त्यांनी धरली. मी म्हणालो, "दर वेळी इथंच आणायची. दर वेळी तुम्हीच धरायची. आणि मी हात लावल्यावर धुणार असाल तर आत्ताच घेऊन जा. मी औषध वाया घालवणार नाही."

त्यांनी चादरीची घडी कुत्रीखाली सारली. मग खाली बघून म्हणाले, "घरात आईचा नेम आहे."

"नेम ठेवा. मग कुत्री राहणार नाही. दोन्ही राहणार नाहीत."

"तुम्ही समजून घ्या डॉक्टर. मी मानत नाही हे काही. पण म्हातारं माणूस..."

"शेटजी, हात न लावता बघा, हे तुम्ही म्हणालात. आई नाही."

त्यांनी मान खाली घातली. कुत्री सोडली नाही. मी मलम घेतलं. एवढ्याशा जनावराच्या अंगावर चार हात. बोटं लागायचीच. ती लागली. गंधक त्यांच्याही नखांत गेलं. घरी जाऊन त्यांनी स्वतःचे हात धुतले असतील. कुत्री धुतली नाही. ती बरी झाली, त्यावरून कळलं. आईला काय सांगितलं, त्या दिवसांत कुत्री कुठं ठेवली, मला माहीत नाही. केस परत आले. घरातली खाज गेली.

शेटजी एकदा एकटेच दवाखान्यात आले. खुर्ची पुढं केली तर बसले.

"तुमचं खरं होतं डॉक्टर. मी साहेबांना सांगितलंय, तक्रार मागे घेतली. तुमची नोकरी कायम होईल. फक्त हे धुण्याचं बाहेर बोलू नका. गावात आईची शोभा होईल."

"मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं गेलं की खरूज मी नेली. आता सगळ्यांसमोर सांगा की नेली नाही. का बरी होत नव्हती तेही सांगा."

"ते कसं होईल?"

"मग मी बोलेन."

पुढच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि बोललो. बादली, साबण, फाटक, सगळं. कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "झालं तुझं? बस खाली." मी बसलो. थोड्याच दिवसांत बदलीचा हुकूम आला. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. एसटी जाते तिथून पुढं बैलगाडी.

निरोपाच्या वेळी साबणाची चेष्टा करणारा सहकारी भेटला. मी कातडीच्या रोगांची पुस्तकं बांधत होतो. तो म्हणाला, "शेवटी कातड्याकडेच वळलास. रक्तात असतं."

मी पुस्तकं बांधत राहिलो. त्याला वाटलं, मी लाजेन आणि दुसरं काही शिकायला घेईन. गर्भधारणा, दूध, कोंबड्या, काहीही. त्या दिवशी माझं ठरलं. कातडीच. वडलांनी मेलेल्या जनावराची कातडी काढली, ती गावानं त्यांच्यावर लादली म्हणून. मी जिवंत जनावराची कातडी शिकणार, मला शिकायची आहे म्हणून. यातला फरक त्या माणसाला समजावून सांगण्याची मला गरज वाटली नाही.

डोंगराकडे भिल्लांच्या पाड्यांवर कुत्री भरपूर. तिथं मला एक वेगळा किडा भेटला. केसांच्या मुळांत राहणारा, लांबट. एकाच आईची पिलं. खरवडून पाहिली तर किडा जवळजवळ सगळ्यांत सापडे. रोग एखाद्यालाच. बाकीची खेळत असायची. प्रश्न किड्याचा नव्हता. या एकाच्याच शरीरानं किड्याला आवर का घातला नाही, हा होता. पुस्तकात त्यावर फार काही नव्हतं. अशक्त पिलांना होतो, एवढं. मी ज्या कुत्र्याला मलम देई त्याचं खाणं, जंत, आईचं दूध, सगळं विचारू लागलो. आतून अंग धरलं की बाहेरची कातडी सुधारायची. नेहमी नाही. का नाही, ते कळायचं नाही. अस्वस्थता जाईना. एका कुत्र्याचं उत्तर मिळालं की दुसरं कुत्रं ते खोटं पाडायचं. त्या अस्वस्थतेनं मला जागेवर ठेवलं. नाहीतर मी नोकरी सोडून गावी परतलो असतो.

नोकरी नंतर सोडलीच. धुळ्यात दोन खोल्या घेतल्या. कुत्र्या-मांजरांच्या कातडीचा दवाखाना. लोक हसले. धुळ्यात माणसाच्या कातडीला डॉक्टर मिळत नाही, हा मांजराची बघणार. हसू दिलं.

पाटी रंगवायला पेंटर आला. ओळखीचा, आमच्यातलाच. खडूनं अक्षरं आखून म्हणाला, "साहेब, आडनावाचं पहिलं अक्षरच टाकू का? धंद्याला बरं पडतं. बरेच जण तसं करतात."

"पूर्ण टाक."

"मग लहान टाकतो."

"सगळ्यात मोठं टाक. रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे."

"गिऱ्हाईक परत जाईल साहेब."

"जाऊ दे. बाहेरूनच जाऊ दे."

काही गेले. पाटीखाली थांबले, वाचलं, साखळी ओढून कुत्रं परत नेलं. खिडकीतून मला दिसायचं. कुत्रं चालता चालता बसून खाजवायचं. त्याचा मालक त्याला ओढायचा. मी हाक मारली नाही. मारणार नाही. जो आत येईल त्याचं जनावर मी तपासेन, जेवढं मला येतं तेवढं सगळं त्याच्यासाठी वापरेन. पण ते या टेबलावर. घरी बोलावलं तर जात नाही. मोटार पाठवली तरी जात नाही. मंत्र्याचं कुत्रं असलं तरी जाणार नाही.